रानातल्या ओढ्याचा फोटो: प्रिंटला देण्याआधी

आमच्याकडे प्रिंटसाठी येणाऱ्या फोटोंमध्ये डोंगरातले ओढे पुष्कळ असतात. स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर उतरला, की फेसाळ पाण्याच्या जागी कधीकधी कोरा पट्टा दिसतो. कारण साधं आहे: प्रिंटमधला शुभ्र पांढरा म्हणजे शाई न पडलेला कागद. फोटो काढतानाच जास्त प्रकाशाने पाण्यातला तपशील जळून गेला असेल, तर तिथे छापायला काही उरतच नाही.

म्हणून ढगाळ दिवस पकडा. उन्हात झाडीतून पडणारे कवडसे आणि गडद सावली, दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. रॉ फाइलमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळत असेल, तर एक्स्पोजर (आत येणारा प्रकाश) थोडं कमी करा. सावली नंतर उजळता येते, जळलेला फेस परत येत नाही.

एकच फिल्टर घ्यायचा असेल, तर पोलरायझर घ्या. तो हळूहळू फिरवत ओल्या दगडाकडे बघा. एका क्षणी वरची चकाकी विरते आणि खालचं शेवाळ, दगडाचा तांबूसपणा उघडा पडतो. हे काम कुठल्याच सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. त्यात एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो, पण इथे ते पथ्यावरच पडतं, कारण शटर उघडं राहण्याचा वेळ लांबवायचाच असतो.

किती लांबवायचा? आम्हाला १/४ ते १ सेकंद आवडतो. पाणी मऊ होतं, तरी प्रवाहाच्या रेषा राहतात. दहा-पंधरा सेकंदांत त्याचं नुसतं धुकं होतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते एफ ११. ट्रायपॉडचे पाय शक्यतो प्रवाहात नकोत, पाण्याच्या धक्क्याने ते थरथरतात. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. वाऱ्याने पानं हलत असतील, तर कॅमेरा न हलवता आयएसओ वाढवून वेगवान शटरवर आणखी एक फोटो घ्या. एडिटिंगमध्ये पानं त्यातली आणि पाणी पहिल्यातलं घेता येतं.

एडिटिंगची सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा तोल साधण्यापासून करा. दाट झाडीखाली सगळ्यावर हिरवट छटा चढते, ती फेसात चटकन ओळखू येते. हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) उतरवा. पानं फारच भडक वाटली, तर फक्त हिरव्या-पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) कमी करा. क्लॅरिटी (पोत उठावदार करणारं सेटिंग) दगडांना द्या, पाण्याला नको. पाणी लगेच मळकट दिसतं.

स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट केलेला फोटो कागदावर हमखास काळपट येतो, तेव्हा ब्राइटनेस आधी उतरवा. १२ × १८ इंची प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. शेवटचं शार्पनिंग आमच्यावर सोडा; ते कागद पाहून ठरवावं लागतं.