पार्श्वभूमी : 'अनुशासन पर्व' आणि निर्मलाताई

निर्मला देशपांडे हे नाव निघाले की बहुतेकांना भारत-पाकिस्तान मैत्रीच्या बैठका आठवतात. सर्वोदयातल्या, म्हणजे गांधी-विनोबांच्या विचाराने काम करणाऱ्या जुन्या मंडळींना मात्र आधी 1975 ची आणीबाणी आठवते, आणि बोलणे तिथेच अडते.

नागपूरचे साहित्यिक घर, राज्यशास्त्राची प्राध्यापकी, 1952 साली विनोबांच्या भूदानात, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याच्या चळवळीत उडी, एवढे सर्वांना ठाऊक असते. पदयात्रेतले रोजचे काम तितके ठाऊक नसते. उजाडायच्या आत निघायचे, दहा-बारा मैल चालायचे, मुक्कामी भेटीगाठी, सायंप्रार्थना आणि मग विनोबांचे प्रवचन. ते टिपून त्याचा छापण्याजोगा मजकूर करायचा, हे कष्टाचे काम निर्मलाताईंनी केले. 'भूदान-गंगा'चे संपादन त्यांचेच. विनोबा अमुक शब्द कोणत्या अर्थाने वापरतात हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला तो या लेखणीतून.

1957 साली केरळात शांतिसेना, म्हणजे शांतता राखणाऱ्या स्वयंसेवकांची विनोबांची संघटना उभी राहिली. हिशेब सोपा होता : 5,000 लोकांमागे एक सैनिक, म्हणजे 35 कोटींना 70,000. त्यांचा योगक्षेम सर्वोदय-पात्रातून, म्हणजे घरोघरी ठेवलेल्या मडक्यातून चालवायचा. घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य मडक्यात टाकायचे. मूठ टाकणे अवघड नव्हते. अवघड होते ते दर महिन्याला दारोदार फिरून मडकी रिती करणे, धान्य साठवणे, विकणे. आदल्याच वर्षी निधिमुक्ती, म्हणजे जमवलेल्या निधीवर काम न चालवण्याचा निर्णय जाहीर करून भूदान समित्या मोडल्या होत्या, मग या कामाला माणूस आणायचा कुठून? 70,000 च्या जवळपासही कोणी पोहोचले नाही.

खरा गुंता पुढचा. जयप्रकाश नारायण यांच्या बिहारच्या आंदोलनात उतरायचे की नाही यावरून 1974 साली सर्वोदयात उभी फूट पडली. 25 डिसेंबर 1974 ला विनोबांनी वर्षाचे मौन घेतले. सहा महिन्यांनी आणीबाणी लागली. मौनातल्या विनोबांचे म्हणून त्यांच्या पवनारच्या आश्रमातून दोनच शब्द बाहेर आले : 'अनुशासन पर्व'. सरकारी प्रचाराला तेवढे पुरले. आणीबाणी हे शिस्तीचे पर्व आहे आणि त्यावर विनोबांचा शिक्का आहे, असे फलक झळकले.

हे नाव महाभारताच्या तेराव्या पर्वाचे. शरशय्येवरचा भीष्म युधिष्ठिराला धर्म सांगतो ते हे पर्व. हिंदीत 'अनुशासन' म्हणजे शाळेतली, फौजेतली शिस्त. मराठीत त्यासाठी सरळ 'शिस्त' हाच शब्द आहे, म्हणून आपल्या कानाला निदान शंका तरी यायला हवी होती. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना आचार्य 'एतदनुशासनम्' म्हणतात. विनोबांचा शब्द त्या कुळातला. मौन सुटल्यावर त्यांनी फोड केली ती अशी : सत्तावाल्यांचे ते शासन, आचार्यांचे ते अनुशासन. जानेवारी 1976 मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरले आणि त्याने परिस्थिती लवकर पूर्ववत व्हावी असे सुचवले. पण तोवर फलकांनी आपले काम केले होते.

निर्मलाताई या काळात पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निकटच्या. पवनार आणि दिल्ली यांच्यातला दुवा त्याच. ज्यांनी उमेदीची वर्षे विनोबांचे शब्द जपण्यात घातली, त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांतल्याच एका शब्दाचे असे व्हावे, हा आक्षेप रास्त आहे. दिल्लीचे दार उघडे ठेवले म्हणून बोलणे चालू राहिले, हा बचाव अपुरा वाटतो. तुरुंगात बसलेल्या सर्वोदयी कार्यकर्त्यांना तर तो मुळीच पटला नाही.

गंमत अशी की पुढे तेच दार कामी आले. 1994 ची काश्मीरची शांतियात्रा, 1996 चे भारत-पाकिस्तान संमेलन, मार्च 2000 मध्ये दिल्लीहून लाहोरला गेलेली महिलांची बस. कारगिलला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. अशा बसमध्ये भाषणांपेक्षा कागद महत्त्वाचे. भारतीयांना मिळणारा पाकिस्तानचा व्हिसा तेव्हा देशाचा नसे, शहरांचा असे. नोंदलेल्या शहराबाहेर पाऊल टाकता येत नसे. पोहोचल्यावर 24 तासांत पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. ज्या नाक्यातून आत, त्याच नाक्यातून बाहेर. एकीचा अर्ज अडकला की सगळ्या तुकडीची तारीख हुके. मंत्रालयात ओळख असलेली, राज्यसभेवर नियुक्त झालेली व्यक्ती सोबत असणे म्हणजे काय, हे अर्ज भरणाऱ्यालाच कळते.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर 1 जानेवारी 2002 पासून दिल्ली-लाहोर बससेवाच बंद झाली आणि जुलै 2003 मध्ये पुन्हा सुरू झाली. निर्मलाताई 1 मे 2008 ला गेल्या. अस्थींचा काही भाग पाकिस्तानात सिंधू नदीत सोडला गेला. 2012 च्या करारात 65 वर्षांवरच्यांना अटारी-वाघ्यावर पोहोचताच 45 दिवसांचा व्हिसा देण्याचे ठरले. जानेवारी 2013 मध्ये नियंत्रणरेषेवर तणाव वाढला आणि ती सोय सुरू होता होताच थांबली.