चाकूच्या मुठीतला फिरोजा: निळाई दगडाची किती, राळेची किती?

माझा भाचा ॲरिझोनात, फिनिक्सला असतो. मागच्या उन्हाळ्यात तो न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावी गेला होता. तिथे त्याने एक घडीचा चाकू घेतला आणि त्याचे सात-आठ फोटो मला पाठवले. दोन पितळी टोकांच्या मधे निळे, काळे, पोवळ्याच्या रंगाचे आणि शिंपल्यासारखे चमकणारे तुकडे घट्ट बसवलेले, मधून केसाएवढ्या चंदेरी रेघा. खाली प्रश्न: "मामा, तू आयुष्यभर दगडच शिकवलेस. हा फिरोजा खरा आहे का? दुकानदाराने पावतीवर 'नैसर्गिक' असं लिहून दिलंय."

खरा आणि खोटा अशा दोन कप्प्यांत फिरोजा मावत नाही. खाणीतून निघाला तसाच घासलेला दगड एक. भुसभुशीत दगडात राळ, म्हणजे घट्ट होणारं कृत्रिम प्लॅस्टिक, मुरवून टणक केलेला दुसरा. दगडाचा भुगा राळेत मळून थापलेला तिसरा. ज्यात दगडाचा कणही नाही असा निळ्या राळेचा ठोकळा चौथा. शिवाय हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट हे पांढरे, स्वस्त खनिज निळ्या रंगात बुचकळून काढलेलं, तो पाचवा. फोटोत पाचही सारखेच देखणे दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आधी हे चाकू कुठून आले ते थोडक्यात. नवाहो हे अमेरिकेच्या नैऋत्येतले मूलनिवासी लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. त्यांच्या भूमीच्या चार दिशांना चार पवित्र पर्वत आणि प्रत्येकाचं एक द्रव्य: पूर्वेला पांढरा शिंपला, दक्षिणेला फिरोजा, पश्चिमेला अबलोनचा रंगीबेरंगी शिंपला, उत्तरेला जेट, म्हणजे चकाकी घेणारा एक प्रकारचा काळा कोळसा. दक्षिणेचा तो पर्वत म्हणजे माउंट टेलर, गॅलपपासून फार लांब नाही. भाच्याच्या चाकूवर या चारांतली तीन द्रव्यं होती. चांदीचं काम नवाहोंनी एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन कारागिरांकडून उचललं, जडावकामात शेजारचे झुनी लोक फार पुढे होते, आणि विसाव्या शतकात हे सगळं खिशातल्या चाकूच्या मुठीवर येऊन बसलं. बक या अमेरिकन चाकू-कंपनीच्या चाकूंवर डेव्हिड यलोहॉर्स या नवाहो कारागिराने केलेलं जडावकाम संग्राहकांत चांगलंच नावाजलेलं आहे. अशा चाकूत पातं आणि सांगाडा कारखान्याचा असतो, मूठ कलाकाराची. पात्यापासून बिजागरीपर्यंत सगळं एकाच हाताने घडवलेला चाकू ही वेगळी जात. दोन्हींना दुकानात 'कस्टम' हाच शब्द लावतात, म्हणून घेणाऱ्याने आधी हे विचारून घ्यावं.

आता निळ्या रंगाकडे येतो. माझा जीव यातच अडकलेला आहे.

फिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पाणी धरून बसलेलं फॉस्फेट. तांब्याच्या एका अणूमागे ॲल्युमिनियमचे सहा. निळाई या तांब्याची. शाळेच्या प्रयोगशाळेतलं मोरचूद आठवा, द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच. तिथेही निळेपणा तांब्याच्या आयनाचा आणि त्याला वेढून बसलेल्या पाण्याचा. परीक्षानळीत मोरचूद तापवलं की पाणी उडतं आणि खडा पांढराफटक होतो. फिरोजाही तापवला की पाणी सोडतो आणि निळा राहत नाही, तपकिरी-हिरवट पडतो. ॲल्युमिनियमच्या जागी लोह शिरलं तर दगड मुळातच हिरवा. तांबं करतं ते एवढंच: पांढऱ्या प्रकाशातला तांबड्या बाजूचा भाग गिळतं आणि निळा परत पाठवतं.

पण तांबं तेवढंच असूनही एक दगड आकाशासारखा गडद आणि दुसरा खडूसारखा फिका का? याचं उत्तर तांब्यात नाही, दगडातल्या पोकळ्यांत आहे.

फिरोजा हा एकसंध स्फटिक सहसा नसतो. अतिसूक्ष्म कणांची ती गच्च गर्दी असते, आणि कणांच्या मधे हवेच्या फटी. कोरड्या प्रदेशात पावसाचं जेमतेम पाणी खडकात झिरपतं, तांब्याच्या खनिजातून तांबं, फेल्डस्पारमधून ॲल्युमिनियम आणि ॲपेटाइटमधून फॉस्फेट उचलतं आणि भेगांमध्ये थर साठवत जातं. हे काम कुठे घट्ट होतं, कुठे विरळ.

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना सीमेवर थोडा परत फिरतो. किती, ते दोघांच्या अपवर्तनांकावर, म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती मंदावतो त्या आकड्यावर ठरतं. दोन अंकांचा फरक घ्या, त्याला त्यांच्या बेरजेने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. सरळ पडणाऱ्या किरणासाठी परत फिरणारा वाटा एवढा. हवेचा अपवर्तनांक 1, फिरोज्याचा सुमारे 1.61. फरक 0.61, बेरीज 2.61, भागाकाराचा वर्ग सुमारे 0.055. म्हणजे दर सीमेवर साडेपाच टक्के प्रकाश माघारी. थोडा वाटतो, पण सच्छिद्र दगडात अशा सीमा एकामागोमाग येतात. पन्नास ओलांडेपर्यंत सरळ पुढे गेलेला प्रकाश जेमतेम 6 टक्के उरतो. बाकीचा तांब्याशी पुरेशी गाठ पडण्याआधीच मागे फिरतो, पांढरा गेला तसा जवळजवळ पांढराच परत येतो. म्हणून खडूचा रंग.

आता त्या फटींत राळ भरा. राळेचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास. फरक 0.11, बेरीज 3.11, वर्ग 0.00125. दर सीमेवर एक टक्क्याचा आठवा हिस्सा. पन्नास सीमांनंतर 94 टक्के प्रकाश पुढेच चाललेला! तो खोल उतरतो, वाटेत तांबं त्यातला तांबडा भाग निवांत गिळतं, आणि जो परततो तो गर्द निळा. रंगाचा थेंबही न घालता दगड निळा झाला. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक असले तर हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही, पण परिणामाची दिशा तीच राहते.

हे घरात रोज दिसतं. ओट्याच्या राखाडी पडलेल्या कडप्प्यावर तेलाचा हात फिरवला की तो काळाभोर होतो. पाण्याचा थेंब पडलेला सदरा तेवढ्याच जागी गडद दिसतो. पहिल्या सरीने अंगणातली माती लालभडक होते. सगळीकडे कारण एकच: हवेच्या जागी तेल किंवा पाणी आलं आणि सीमा पुसट झाल्या.

अंगठीतल्या फिरोज्याचं भविष्यही इथेच उलगडतं. फिरोज्याने रंग बदलला की घालणाऱ्यावर संकट येणार, असं सांगणारे आजही भेटतात आणि त्यावर आणखी दोन खडे विकतात. सच्छिद्र दगड घाम, तेल, साबण, अत्तर सगळं शोषतो. आधी गडद होतो, मग मुरलेलं तेल पिवळं पडतं, आणि निळ्यात पिवळा मिसळून हिरवा दिसू लागतो. त्याला तुमच्या ग्रहांची काही खबर नसते. आजारपणाच्या भीतीने माणसं खड्यांवर पैसे घालवतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ते पैसे डॉक्टरकडे जायला हवेत.

म्हणूनच चाकूच्या मुठीत राळ मुरवलेला फिरोजा असणं यात मी काहीच गैर मानत नाही. चाकू खिशात राहतो, घामाच्या हातात येतो, पडतो. फिरोज्याची कठीणता 1 ते 10 च्या मोहस् मापावर 5 ते 6, तीही चांगल्या दगडाची. विरळ दगड कच्चा बसवला तर कडा झडतात. न मुरवताही टणक आणि गर्द असलेला दगड खाणीतून फार थोडा निघतो, म्हणून तो महाग. ॲरिझोनातल्या ग्लोबजवळची स्लीपिंग ब्यूटी ही निरभ्र निळ्या दगडासाठी नावाजलेली खाण 2012 मध्ये फिरोज्यासाठी बंद झाली आणि तिथल्या जुन्या दगडाचा भाव चढला. मुरवलेला विकावा, पण मुरवलेला म्हणून, आणि त्याच भावाने.

ओळखायचं कसं? सुटा खडा असता तर सोपं होतं. फिरोज्याची घनता सुमारे 2.76, म्हणजे हवेत 10 ग्रॅम भरणारा खडा पाण्यात टांगला की 6.4 ग्रॅमच्या आसपास भरतो. हाऊलाइट 2.5 च्या आसपास, निव्वळ राळ 1.2 च्या जवळ. पण मुठीत बसवलेला तुकडा तोलणार कसा? तापलेली सुई टोचून प्लॅस्टिकचा वास घ्या, असा सल्ला सर्रास देतात. कृपा करून तो ऐकू नका. सुईने राळ जळते आणि दगडही डागतो, वस्तूची किंमत तिथेच उतरते. ॲसिटोनचा बोळा रंग उतरतो का ते सांगतो, पण जोडांतली राळही मऊ करू शकतो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीशी बसा. भाच्याला मी तेच सांगितलं आणि भिंगातून काढलेले फोटो मागवले. निळा रंग भेगांत गोळा झालेला असेल तर तो बाहेरून घातलेला. दगडातल्या तपकिरी जाळ्या बोटाला किंचित खोल लागतात, छापील किंवा राळेतल्या जाळ्या सपाट असतात. खऱ्या पोवळ्यात बारीक समांतर रेघा दिसतात. जेट हाताला काचेसारखा गार लागत नाही. चंदेरी रेघा काळपट पडत असतील तर चांदीची शक्यता बरी. पण चाकूंवर जर्मन सिल्व्हर फार वापरतात, आणि त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी मुळीच नसते. दोन तुकड्यांतली फट राळेने किती बुजवली आहे हे सगळ्यांत शेवटी पाहा. चांगल्या कारागिराच्या कामात ती दिसतच नाही.

राळ आहे की नाही याचा पक्का निकाल अवरक्त वर्णपट देतो, म्हणजे वस्तू डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश कुठे किती शोषते याचा आलेख. राळेत कार्बन-हायड्रोजनचे बंध असतात, ते दर सेंटिमीटरला 2,900 तरंगांच्या आसपास प्रकाश शोषतात. फिरोज्यात कार्बन नाहीच, त्यामुळे तिथे खूण उमटली की काहीतरी मुरवलेलं आहे. आधी बोटांचं तेल पुसायला हवं, नाहीतर तेच दिसतं. एक उपचार मात्र यातून निसटतो. जेम्स झॅकरी या विद्युत अभियंत्याने 1980 च्या दशकात काढलेल्या पद्धतीत राळ वापरतच नाहीत, तरी दगडाची सच्छिद्रता कमी होते. मागे राहतं ते वाढलेलं पोटॅशियम, आणि ते पकडायला क्ष-किरणांचं उपकरण लागतं.

दगडाइतकीच कारागिराची सही महत्त्वाची. दगड चीनच्या हुबेईतला असला तरी काम नवाहोचं असू शकतं, आणि ॲरिझोनाचा अस्सल दगड कुणीही कुठेही बसवू शकतो. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानुसार मूलनिवासी कारागिराची नसलेली वस्तू त्याची म्हणून विकणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'नवाहो पद्धतीचा' आणि 'नवाहोने केलेला' यांतलं अंतर विक्रेते म्हणूनच जपून बोलतात. पात्याच्या मुळाशी, बिजागरीजवळच्या जाड भागाला टँग म्हणतात. बक कंपनी तिथे 1986 पासून वर्षाची खूण ठोकते. विकणारा सत्तरच्या दशकातला म्हणतो आणि टँगवर खूण नंतरची, असं झालं की पुढची बोलणीच थांबवावी.

भाच्याचा एक मित्र तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याने मुठीला ओरखडाही न पाडता परावर्तित प्रकाशावर वर्णपट घेतला. जेटवर कार्बन-हायड्रोजनची खूण आली, ती यायचीच, कारण जेट कोळसाच. निळ्या पाचही तुकड्यांवर फिरोज्याच्या फॉस्फेटची खूण स्पष्ट होती, आणि 2,900 जवळचा तो उंचवटाही. दगड अस्सल, राळ मुरवलेली. सही आणि टँगवरचं वर्ष दुकानदाराने सांगितलं होतं तसंच निघालं. भाचा कागद घेऊन पुन्हा गॅलपला गेला. चाकू त्याने परत केला नाही. पावतीवरचा 'नैसर्गिक' शब्द खोडून 'स्थिरीकृत', म्हणजे राळ मुरवलेला, असा लिहून घेतला, आणि दोन्हींच्या भावातला फरक मोजून घेतला.