एडिटर की आयडीई, हा वाद मुळात आला कुठून

वेब डेव्हलपमेंट शिकायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, साधा कोड एडिटर टाकू की लिहिण्यापासून चुका शोधण्यापर्यंत सगळं आयतं देणारं मोठं टूल, म्हणजे आयडीई. दोन्हीकडचे लोक हिरीरीने भांडतात, पण मागचं सहसा कुणी सांगत नाही.

गंमत म्हणजे वेब सुरू झालं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर जो पहिला ब्राउझर लिहिला तोच एडिटरपण होता, पान वाचायचं आणि तिथल्या तिथे बदलायचं. पुढे १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझर आला आणि गाजला, पण तो फक्त बघण्यापुरता, मग पानं बनवायचं काम ज्याच्याकडे जो टेक्स्ट एडिटर असेल त्याच्या गळ्यात पडलं. युनिक्सवाले व्हीआय नाहीतर ईमॅक्स, मॅकवाले बीबीएडिट, विंडोजवाले नोटपॅड. टॅग हाताने लिहा, सेव्ह करा, ब्राउझर रिफ्रेश करा.

बाकीच्या प्रोग्रामिंगमध्ये मात्र सगळं एका खिडकीत मिळायची सवय आधीच लागलेली. १९८३ च्या टर्बो पास्कलमध्ये (पास्कल भाषेसाठीचं टूल) लिहायचं, कंपाइल करायचं, चूक निघाली की कर्सर थेट त्या जागी. वेबवाल्यांनाही असंच काहीतरी हवं होतं, आणि मिळालं ते फ्रंटपेज. व्हर्मीर टेक्नॉलॉजीजने १९९५ मध्ये काढलेलं हे टूल मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या जानेवारीत कंपनीसकट घेतलं. कोडला हात न लावता साइट तयार, पण फॉर्म आणि हिट काउंटर चालायला सर्व्हरवर त्यांचीच एक्स्टेंशन्स (जोड-प्रोग्राम) पाहिजेत, आणि फोल्डर उघडलं की व्हीटीआय नावाची भलतीच पिल्लं-फोल्डर्स दिसायची (ही व्हर्मीरचीच आद्याक्षरं, कंपनी गेली पण नाव राहिलं). हाताने नीट लिहिलेला कोड त्यात उघडून सेव्ह केला की टूल तो आपल्या पद्धतीने परत मांडायचं. "मोठी टूल्स कोडची वाट लावतात" हा राग तिथला आहे, आणि माझ्या मते तो रास्तच होता.

मॅक्रोमीडियाने १९९७ च्या शेवटी ड्रीमवीव्हर आणलं तेव्हा जाहिरातीचा मुद्दाच हा होता की तुमच्या कोडला आम्ही हात लावणार नाही. तरीपण डब्यात सोबत विंडोजसाठी होमसाइट आणि मॅकसाठी बीबीएडिट द्यायचे, म्हणजे साध्या एडिटरशिवाय भागत नाही हे विकणाऱ्यांनाच माहीत होतं!

नंतर साइटच बदलल्या. पान सर्व्हरवर पीएचपी या भाषेतून, टेंप्लेटचे पाच तुकडे जोडून तयार व्हायला लागलं आणि या टूल्सच्या डिझाइन व्ह्यूला (पान ब्राउझरसारखं दाखवणारी खिडकी) दाखवायला धड पान उरेना. २००५ मध्ये रेल्स या वेब फ्रेमवर्कचा एक डेमो व्हिडिओ फिरला, त्यात टेक्स्टमेट हा मॅकवरचा एडिटर दिसला आणि साधा एडिटर वापरणं एकदम भारी ठरलं. २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी फायरबग आला आणि डीबगिंग, म्हणजे चुका शोधणं, ब्राउझरमध्येच गेलं, म्हणजे मोठ्या टूलचं अर्धं काम फुकटात बाहेर. मग एडिटरमध्ये २००८ चा सब्लाइम, २०१४ चा अॅटम. दुसऱ्या, आयडीईच्या बाजूने जेटब्रेन्सचा २०१० चा वेबस्टॉर्म, जो प्रोजेक्ट उघडला की आधी सगळ्या फाइल्सचं इंडेक्सिंग करतो (कुठे काय आहे याची यादी बनवतो), तेवढा वेळ पंखा घरघरतो खरा, पण मग एका फंक्शनचं नाव बदललं की जिथे जिथे वापरलंय तिथे बिनधास्त बदलतं.

खरी सरमिसळ झाली ती मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडमुळे. २०१५ मध्ये तो आला तो हलका एडिटर म्हणून, आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला केला. म्हणजे काय, तुम्ही व्हेरिएबलनंतर टिंब टाइप केलं की एडिटर स्वतः डोकं लावत नाही, बाजूला चालणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामला (लँग्वेज सर्व्हरला) जेसॉन या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये विचारतो की या ओळीत, या जागी काय काय बसेल, आणि तो यादी पाठवतो. आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी मेहनत करावी लागायची, आता भाषेचा सर्व्हर एकदा लिहिला की व्हिमलापण तोच चालतो. हुशारी एडिटरच्या बाहेर पडल्यावर साधा कुणाला म्हणायचं? तीस एक्स्टेंशन्स टाकलेला व्हीएस कोड ही आयडीईच आहे, फक्त तुम्ही स्वतः जुळवलेली, आणि त्यातलं एक एक्स्टेंशन अपडेटनंतर बिघडलं की ते शोधायचं कामही तुमचंच.

अॅटम २०२२ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. वेबस्टॉर्म २०२४ पासून बिगर-व्यावसायिक वापराला फुकट आहे, त्यामुळे शिकणाऱ्यांपुरता तरी पैशाचा मुद्दा निकालात निघाला, रॅमचा तेवढा राहिलाय.