रेखन-कंपास : परीक्षण व दुरुस्ती

कागदावर वर्तुळ काढण्याचे, बिजागरीने जोडलेल्या दोन भुजांचे उपकरण म्हणजे कंपास. दोन्ही टोके सुईची असल्यास त्याला कर्कटक म्हणतात. कर्कट म्हणजे खेकडा. नाव नांगीवरून आले असावे. भारतातील त्याच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत. आर्यभटीयातील (इ. स. ४९९) ‘वृत्तं भ्रमेण साध्यम्’ (वर्तुळ भ्रमाने काढावे) या वचनातला भ्रम म्हणजे खुंटी-दोरीचा फेरा की हे उपकरण, हा वादाचा मुद्दा. आर्यभटीयाचा भाष्यकार पहिला भास्कर (६२९) भ्रम म्हणजे कर्कटक असाच अर्थ लावतो. तेव्हा निदान सातव्या शतकात ते परिचित होते असे मानणे सुरक्षित. ब्राँझची रोमन कर्कटके इटलीतील पाँपेई येथे सापडली आहेत.

जुन्या कंपासचे मोल डोक्याच्या सांध्यात असते. जुन्या घडणीत एका भुजेची पोलादी पाकळी दुसरीच्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू) पाकळ्यांमध्ये बसते, कारण सारखे धातू एकमेकांवर घासून धरतात. जर्मन उपकरणनिर्माता रीफ्लर याची गोल भुजांची घडण १८७७ च्या सुमाराची. तशी घडण दिसल्यास उपकरण त्यानंतरचे समजावे.

भुजा सावकाश उघडाव्यात. विरोध सर्वत्र सारखा हवा. मध्येच अडकून पुढे सैल पडल्यास जुने वंगण सुकलेले किंवा पाकळी चरलेली असते. मिटल्यावर टोके जुळावीत. नंतर ५० मिमी त्रिज्येचे वर्तुळ त्याच छिद्रातून पाच वेळा गिरवावे. रेघ दुहेरी झाली तर सांधा किंवा शिशाची पकड ढिली आहे. त्रिज्येची सहा पावले परिघावर टाकून मूळ बिंदूशी यावे, पावलामागे ०.२ मिमी चूकही शेवटी सुमारे १.२ मिमी होते, म्हणून ही कसोटी कडक.

डोक्याच्या स्क्रूला दोन बारीक छिद्रे असतात. तो दोन खिळ्यांच्या चावीनेच फिरवावा, पक्कडीने नव्हे. सांधा उघडून केरोसिनने धुवावा, पुसावा, व्हॅसलिनचा नुसता स्पर्श द्यावा आणि स्क्रू अष्टमांश फेऱ्याने आवळत तपासावा. जास्त आवळल्यास पितळ चरते व चाल झटक्यांची होते; ते पुन्हा सुधारणे कठीण.

सुईचे टोक शिशापेक्षा किंचित पुढे हवे. शिसे बाहेरून तिरके घासावे. शाईने रेघ काढणाऱ्या दोन पात्यांच्या चोचीची पाती मिटून, दोन्हींची लांबी समान ठेवून, फक्त बाहेरून ऑइलस्टोनवर (तेल लावलेल्या धारेच्या दगडावर) घासावीत. आतून घासल्यास रेघ बिघडते. पितळावर अमोनिया असलेले पॉलिश वापरू नये, ताण असलेल्या जागी तडे जातात.