झडपेची गळती आणि मागं चढणारा फुगवटा

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या एकच चौकशी असते: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फुटांवर? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण पंचगंगा दर वेळी वरच्या पाण्यानंच फुगते असं नाही. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली, की आपल्या नदीला पुढं सरकायला वाव राहत नाही. पाणी मागं चढतं आणि शिवारंच्या शिवारं बुडतात. त्याला आपण फुगवटा म्हणतो. हृदयाची झडप गळू लागली की शरीरात जे घडतं, त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

हृदयाचा डावा खालचा कप्पा एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त महाधमनीत ढकलतो. त्याच्या वरच्या तोंडाशी द्विदल झडप असते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे जसे पाण्याच्या दाबानंच उघडतात, तशी तीही निव्वळ रक्ताच्या दाबानं उघडते, मिटते. ती नीट मिटली नाही की कप्पा आवळताना काही रक्त उलट वर जातं. वरचा कप्पा ताणतो, दाब फुप्फुसांच्या शिरांत चढतो, आडवं पडलं की धाप लागते. पुढं उजवी बाजूही दमते, यकृत फुगतं, पायांवर सूज येते. गळती हृदयात, त्रास छातीपासून घोट्यापर्यंत.

रक्त एकाच दिशेनं फिरतं, हे सिद्ध व्हायलाच 1628 साल उजाडावं लागलं. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे पादुआला शिकत असताना त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांमधल्या झडपा दाखवल्या होत्या. त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊ देतात, मागं फिरू देत नाहीत, हे हार्वेनं ओळखलं आणि तिथून सगळं अभिसरण उलगडलं. मग 1816 मध्ये पॅरिसला डॉक्टर लॅनेकनं कागदाची सुरळी छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्मला. झडप गळताना फुसफुस होते, ती आता कानावर येऊ लागली.

डब्लिनच्या डॉक्टर डॉमिनिक कॉरिगननं 1832 मध्ये महाधमनीच्या, म्हणजे डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं त्या तोंडावरच्या, झडपेच्या गळतीचं जे वर्णन केलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. नाडी उसळून बोटाला धडकते आणि लगेच ढासळते, कारण बाहेर गेलेलं रक्त मागं परततं. ठोके मंदावणारं डिजिटॅलिस हे औषध अशा रुग्णाला देऊ नये, असंही त्यानं बजावलं. दोन ठोक्यांमधली उसंत वाढली की गळायला वेळही जास्त मिळतो, हा त्याचा हिशोब होता. हृदयाच्या आत डोकावणारं कसलंही यंत्र हाताशी नसताना केलेला हा विचार मला थक्क करतो.

अडचण अशी की हृदय फार सोसतं. डावा कप्पा मोठा होतो, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतो आणि परतणाऱ्या रक्ताची भरपाई करतो. माणूस वर्षानुवर्षं शेतात राबतो, जोतिबाचा डोंगर चढतो. ‘पंपिंग’चा आकडाही, म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं तो, फसवा असतो: द्विदल झडपेतून रक्ताला मागची सोपी वाट मिळालेली असल्यानं तो चांगलाच दिसतो. म्हणून मोठ्या गळतीत हा आकडा 60 टक्के किंवा त्याहून कमी झाला, अथवा आवळलेला कप्पा 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद भरला, की त्रास नसतानाही डॉक्टर शस्त्रक्रियेचा विषय काढतात.

हे मापता येतं ते टूडी एकोमुळं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीमुळं, आणि त्याचं मूळ कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरातल्या माणसाला लगेच पटेल. स्वीडनमध्ये 1953 साली डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र हृदयाकडे वळवलं. पहिली चाचपणी त्यांनी चक्क एका जहाजबांधणी कारखान्यातल्या यंत्रावर केली होती. एडलरची निकड साधी होती: झडप आखडली आहे की गळते आहे, हे छाती उघडण्याआधी कळावं.

दुरुस्तीची कथाही पंपवाल्यांचीच. 1952 मध्ये वॉशिंग्टनला सर्जन चार्ल्स हफनेगलनं आतला गोळा सरकून उघडणारी-मिटणारी कृत्रिम झडप छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसवली. खालच्या अंगातून परतणारं रक्त थांबलं. डोकं आणि हातांकडून येणारी गळती मात्र तशीच राहिली. मूळ द्विदल झडपेच्या जागी टिकणारी झडप 1960 मध्ये आली. सर्जन अल्बर्ट स्टार यांचे जोडीदार लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते होते, विमानांच्या इंधनपंपांवर काम केलेले. नदीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी मागं न सोडणारी झडप, ज्यानं बदललाय, त्याला ही जोडी परकी वाटणार नाही.

आपल्याकडं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं वर्षानुवर्षं खपून देशी झडप घडवली. आधीची तीन प्रारूपं फसली, चौथं टिकलं, आणि डिसेंबर 1990 मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं गेलं. परदेशी झडपेची किंमत ऐकून घरी परतणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी मात्र जन्मभराची.

वयोमानानं झडपा झिजतात, हार्ट अटॅकनंतरही गळतात. पण आपल्याकडच्या कोवळ्या वयातल्या रुग्णांमागं बहुधा संधिवाताचा ताप (रुमॅटिक फीवर) असतो. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतो, त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते. सांधे आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात, झडप होत नाही. लहान वयात ती आधी गळते, पुढं आखडतेही. पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. पोरगं खेळतंय, हिंडतंय, मग सुई कशाला, असं म्हणून आईबाप ते बंद करतात. त्यानंतरचा प्रत्येक ताप त्याच झडपेवर नवा व्रण ठेवून जातो.