मुरमांवरची गोळी आणि पाळी पुढे ढकलायची गोळी: दोन्ही ‘हार्मोनच्या’, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही

सदाशिव पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात परवा एक मुलगी आली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी नांदेडहून आलेली, एका खोलीत चौघीजणी राहतात. हातात कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा होता, त्यात दोन गोळ्या उरलेल्या. म्हणाली, “ताई, ह्या अजून द्या ना. पिंपल्ससाठी घेतेय, रूममेटने दिल्यात. रोज एक घेते. बारा दिवस झाले, काहीच फरक नाही. उलट हनुवटीवर जास्तच आलेत.”

तुकडा उलटा करून पाहिला. नाव अर्धंच उरलं होतं, पण खालची ओळ शाबूत होती: नॉरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. म्हणजे पाळी पुढे ढकलायची गोळी. रूममेटने दिवाळीला घरी जाताना घेतली होती, त्यातल्या ह्या उरलेल्या.

त्या मुलीला मी दोष देणार नाही. मुरमांवर ‘हार्मोनची गोळी’ देतात हे तिने ऐकलं होतं आणि ते खरंच आहे. फक्त ती गोळी वेगळी. आपल्याकडे या सगळ्यांना एकच नाव पडलंय, म्हणून हा घोळ होतो. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला उभी आहे आणि हा घोळ वर्षातून कितीतरी वेळा पाहते. म्हणून आज दोन्ही गोळ्या शेजारीशेजारी ठेवून नीट सांगते.

आधी मुरूम येतो कसा ते पाहू. आपल्या त्वचेत, केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. अँड्रोजेन नावाची हार्मोन्स या ग्रंथींना जास्त तेल करायला लावतात. टेस्टोस्टेरॉन त्यातलंच. ते फक्त पुरुषांत असतं असं पुष्कळांना वाटतं, पण बाईच्या शरीरातही ते थोडं असतंच, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतं. तेल वाढलं, छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साचली, की आतले जंतू फोफावतात आणि तो भाग लाल होऊन सुजतो. हनुवटी, जबड्याची कड आणि मानेचा वरचा भाग इथे दुखरे, खोल फोड येत असतील आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढत असतील, तर त्यामागे हार्मोन्सचा हात असण्याची शक्यता जास्त.

मुरमांवर जी हार्मोनची गोळी देतात ती म्हणजे संयुक्त गर्भनिरोधक गोळी. संयुक्त अशासाठी की तिच्यात दोन हार्मोन्स असतात: एक इस्ट्रोजेन आणि दुसरं प्रोजेस्टिन. अंडाशयाला मेंदूकडून येणारा इशारा ही गोळी कमी करते, त्यामुळे तिथे तयार होणारं टेस्टोस्टेरॉन घटतं. चेहऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं काम मात्र यकृतात होतं. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक खास प्रथिन जास्त बनवू लागतं. हे प्रथिन रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. धरलेलं टेस्टोस्टेरॉन तेलाच्या ग्रंथीवर काम करू शकत नाही. तेल कमी झालं की मुरमं हळूहळू उतरतात.

या उपचारात खरी कमाल इस्ट्रोजेनची आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा फरक त्यावरच उभा आहे.

पाळी पुढे ढकलायच्या गोळीत वेगळं इस्ट्रोजेन घातलेलंच नसतं. प्रिमोलुट-एन किंवा रेजेस्ट्रॉन या नावांनी जी ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते तिच्यात एकटं नॉरेथिस्टेरॉन असतं. हे प्रोजेस्टिन १९५१ साली मेक्सिकोत पहिल्यांदा तयार झालं आणि त्याची रासायनिक घडण टेस्टोस्टेरॉनच्या सांगाड्यावरची आहे. त्यामुळे अँड्रोजेनचा थोडा गुण त्याच्यात उरतो आणि काहीजणींना ते घेताना चेहऱ्यावर फोड येतात. गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवणं एवढंच त्याचं इथलं काम. गोळी चालू आहे तोवर अस्तर टिकतं, बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो.

आता एक खाचखळगा. अमेरिकेत मुरमांसाठी मान्यता मिळालेल्या संयुक्त गोळ्यांपैकी एकीत हेच नॉरेथिस्टेरॉन आहे. मग कुणी म्हणेल, घटक तोच असेल तर बिघडलं कुठे? बिघडलं सोबतीत आणि मात्रेत. तिथे ते १ मिलिग्रॅम असतं आणि बरोबर इस्ट्रोजेन असतं, म्हणून एकूण परिणाम अँड्रोजेनच्या विरुद्ध जातो. इथे ते एका गोळीत ५ मिलिग्रॅम, दिवसाला तीन वेळा, आणि एकटंच. स्ट्रिपवरचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून दोन औषधं एक होत नाहीत.

संयुक्त गोळ्याही सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. काहींत ड्रोस्पायरेनोन असतं, उदाहरणार्थ यास्मिन. हे प्रोजेस्टिन स्पायरोनोलॅक्टोन या औषधाच्या घराण्यातलं आहे आणि स्वतःच अँड्रोजेनला अडवतं. डायने-३५ मध्ये सायप्रोटेरॉन असतं, तेही अडवतं. सरकारी माला-डीमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इस्ट्रोजेन आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल थोडं अँड्रोजेनच्या अंगाने जाणारं असलं, तरी इस्ट्रोजेनच्या सोबतीत मुरमं कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. यातली कोणती कुणाला, हे डॉक्टर ठरवतात आणि ते त्यांनीच ठरवायला हवं.

घ्यायची पद्धत तर अगदीच वेगळी. पाळी पुढे ढकलायची गोळी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि काही दिवसांपुरतीच घेतात. भाद्रपद लागला की आमच्याकडे हिची रांग लागते. गौरी आणायच्या असतात, घरात सोवळं असतं, किंवा जून-जुलैत कुणी पालखीबरोबर चालणार असतं. “काकू, आज संध्याकाळपर्यंत येईल असं वाटतंय, आत्ता द्या,” असं कुणी म्हणालं तर मला स्पष्ट सांगावं लागतं की आता तिचा भरवसा नाही. तीन दिवस आधीचा नियम उगाच नाही.

मुरमांवरची संयुक्त गोळी रोज एक, शक्यतो एकाच वेळी घ्यायची. बहुतेक स्ट्रिपमध्ये २१ गोळ्या असतात आणि मग ७ दिवस सुट्टी. माला-डीच्या पाकिटात त्या सात दिवसांसाठी लोहाच्या ७ गोळ्या असतात. सगळ्यात जास्त लागतो तो धीर. पहिले दोन महिने बऱ्याचजणींना काहीच दिसत नाही, कधी सुरुवातीला थोडं वाढतंही. फरक साधारण तीन महिन्यांनी कळायला लागतो आणि पूर्ण अंदाज यायला सहा महिने जातात. पोटात घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या तीन महिन्यांपर्यंत पुढे असतात, पण सहा महिन्यांनी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा येतो. म्हणून महिनाभरातच “ही लागू पडत नाही” म्हणून सोडून देणाऱ्या मुली पाहिल्या की मला फार वाईट वाटतं. पैसे गेले, त्रास सोसला आणि फळ यायच्या आधीच झाड तोडलं. बरोबर लावायचं मलम डॉक्टरांनी दिलं असेल तर तेही चालूच ठेवायचं असतं. गोळी थांबवल्यावर मुरमं परत येऊ शकतात, हेही आधीच माहीत असावं.

दोन्ही गोळ्यांची गाठ पडते ती सणाच्या दिवसांत. मुरमांसाठी संयुक्त गोळी चालू असलेली मुलगी गौरींसाठी पाळी ढकलायची गोळी मागायला येते. तिला ती बहुधा लागतच नाही. २१ गोळ्या संपल्या की सात दिवसांची सुट्टी न घेता दुसऱ्या दिवशीच नवी स्ट्रिप सुरू केली, तर पाळी पुढे जाते. सगळ्या गोळ्या एकाच प्रमाणाच्या असलेल्या पाकिटांत हे सोपं असतं, पण आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारून घ्यावं. एकावर एक दोन हार्मोन औषधं घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी गाठ लग्नाच्या हंगामात, आणि ही जास्त काळजीची. नवरी मुलगी लग्नाच्या तारखेसाठी नॉरेथिस्टेरॉन घेते आणि पुढचे दिवस तिच्यावरच निर्धास्त राहते, कारण “गोळी चालू आहे ना”. ती गोळी गर्भनिरोधक म्हणून घ्यायची नसते. तिच्या भरवशावर राहू नका. (तातडीची गोळी, म्हणजे संबंधानंतर एकदाच घ्यायची, ती आणखी तिसरी. मुरमांशी तिचा काही संबंध नाही.)

आता धोक्यांकडे. संयुक्त गोळीबद्दल सगळ्यात गंभीर गोष्ट म्हणजे शिरांत रक्ताची गुठळी होणं. हे दुर्मीळ आहे, पण आकडे माहीत असलेले बरे. युरोपच्या औषध नियामकांच्या हिशोबाप्रमाणे, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या संयुक्त गोळीवर ५ ते ७ जणींना, ड्रोस्पायरेनोनच्या गोळीवर ९ ते १२ जणींना. म्हणजे चेहऱ्याला जास्त मानवणारी गोळी या बाबतीत जास्त जपून द्यावी लागते. २०१३ साली युरोपात डायने-३५ सारख्या गोळ्यांचा फेरविचार झाला, तेव्हाही हेच ठरलं की मध्यम ते तीव्र मुरमांत, लावायची औषधं आणि अँटिबायोटिक यांनी भागलं नाही तरच ती वापरावी.

ज्यांना कधी गुठळी झाली आहे, रक्तदाब वाढलेला आहे, यकृताचा गंभीर आजार आहे, स्तनाचा कर्करोग झाला आहे, नुकतंच बाळंतपण झालंय, किंवा वय ३५ च्या पुढे असून सिगारेट ओढतात, त्यांच्यासाठी ही गोळी नाही. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी, चमकणाऱ्या रेषा दिसत असतील तर तेही डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण अशांना संयुक्त गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि आपल्याकडे विसरलं जाणारं एक: क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन चालू असेल तर संयुक्त गोळीचा परिणाम कमी होतो. गोळी चालू असताना एका पोटरीला सूज येऊन दुखलं, अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा नजर धूसर झाली, तर दुकानात येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मग पाळी ढकलायची गोळी अगदी निर्धोक का? तसंही नाही. नॉरेथिस्टेरॉन दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं, तर त्याचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्याचा परिणाम २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेल्या संयुक्त गोळीजवळ जातो. म्हणून ज्यांना गुठळीचा धोका आहे त्यांनी ‘आठच तर दिवस घ्यायची’ म्हणून तीही मनाने घेऊ नये. इथे एका मुलीने मला फार छान प्रश्न विचारला होता: “मग इस्ट्रोजेन तयार होतंच तर चेहऱ्यालाही फायदा व्हायला हवा ना?” आठ-दहा दिवसांत नाही होत, बाळ. चेहऱ्याला महिने लागतात, आणि तोवर जास्त मात्रेचं नॉरेथिस्टेरॉन घेत राहणं हा उपचार नव्हे.

शेवटी आयांविषयी. त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अविवाहित मुलीसाठी गर्भनिरोधक गोळी लिहिलेली पाहून काउंटरवर पुष्कळ आया गप्प होतात. एक आई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, “हिचं लग्न व्हायचंय अजून, पुढे मूल व्हायला अडचण येईल का हो?” त्यांची भीती मला समजते. गोळी बंद केल्यावर मूल होण्याची क्षमता परत येते, पाळीही साधारण एक ते तीन महिन्यांत रुळावर येते. गोळीवर ‘गर्भनिरोधक’ लिहिलंय म्हणून मुलीविषयी काही अर्थ काढू नये. मधुमेहाचं मेटफॉर्मिन पीसीओएसला (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते, त्या विकाराला) देतात, तेव्हा आपण कुणाला मधुमेही समजत नाही. ज्या मुली आरशासमोर उभ्या राहायला घाबरतात, मास्क काढायला लाजतात, त्यांचं दुखणं खरं आहे आणि त्यावर खरा उपाय आहे.

तर त्या नांदेडच्या मुलीला मी गोळ्या दिल्या नाहीत. त्या आजच बंद कर, दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होईल, घाबरू नकोस, असं सांगितलं. मग विचारलं, “पाळी वेळेवर येते का गं?” ती म्हणाली, दोन-दोन महिने येत नाही. हनुवटीवर चार-पाच जाडसर केसही होते, पावडर लावून झाकलेले. पीसीओएसची शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे, पण निदान माझं काम नाही. खासगी दवाखान्याची फी तिला परवडणार नव्हती. तिला ससूनच्या बाह्यरुग्ण विभागाचा रस्ता सांगितला, आणि स्त्रीरोगाचे व त्वचेचे दोन्ही डॉक्टर बघतील असं कर म्हटलं. एका जुन्या बिलाच्या मागे लिहून दिलं: शेवटच्या पाळीची तारीख, अर्धशिशी आहे का, घरात कुणाला गुठळी झाली होती का, सध्या चालू असलेली सगळी औषधं, आणि रूममेटची ही गोळी किती दिवस घेतली. तिने तो कागद घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला. स्ट्रिपचा तो तुकडा काउंटरवरच राहिला.