रुचिमापन

रुचिमापन : लोकांना एखादा खाद्यपदार्थ किती आवडतो, हे प्रश्नावली आणि संख्याशास्त्रीय प्रारूपे वापरून ठरविण्याची पद्धत. पदार्थ चांगला की वाईट हे ती सांगत नाही. कोणाला, किती आवडला एवढेच सांगते. म्हणून यात तज्ज्ञांपेक्षा रोज खाणाऱ्यांना विचारतात.

सर्वाधिक प्रचलित नऊ बिंदूंची श्रेणी डेव्हिड पेरियम व सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकाअखेर शिकागो येथील अमेरिकी लष्कराच्या अन्नसंस्थेत, सैनिकांच्या जेवणासाठी तयार केली. 'अतिशय आवडले' याला 9, 'अतिशय नावडले' याला 1. मधला 5 म्हणजे ना आवड, ना नावड. दोन पदार्थांतून एक निवडायला लावणाऱ्या तुलनांचे गणित त्याआधीच, 1927 मध्ये, लुई थर्स्टन यांनी मांडले होते.

आकडे आले की सरासरी काढण्याचा मोह होतो, आणि घोळ तिथेच होतो. समजा, नागपुरात चाळीस जणांना सावजी रस्सा चाखायला दिला. वीस जणांनी 8 गुण दिले, तिखटाने डोळ्यांत पाणी आलेल्या वीस जणांनी 3. सरासरी 5.5. एवढे गुण एकानेही दिलेले नाहीत! तिच्या भरवशावर तिखट निम्मे केले, तर सावजीचे चाहते उठून जातील आणि उरलेले तरीही येतील असे नाही. म्हणून आधी समूह विश्लेषणाने सारख्या आवडीचे गट पाडतात, मग प्रत्येक गटाचे प्रारूप बसवतात.

गोडीचे प्रारूप बहुधा वक्र असते : साखर वाढते तशी आवड वाढते, एका बिंदूनंतर उतरते. संत्र्याच्या रसात एकट्या साखरेवर भागत नाही. साखर व आम्ल यांचे गुणोत्तर पाहावे लागते. शिवाय नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की लिमोनिन या कडू घटकामुळे कडवटतो. ताज्या रसाला मिळालेले गुण बाटलीतल्या रसाला लावता येत नाहीत ते यामुळेच. आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन वेगळ्या हंगामांतल्या बहारांची फळेही एकाच नमुन्यात मिसळू नयेत.

चाचणीची शिस्त कंटाळवाणी, पण तिच्यावाचून सगळे वाया. वाट्यांवर नाव नको, तीन अंकी सांकेतिक क्रमांक हवा. पहिल्या वाटीला उगाच जास्त गुण मिळतात म्हणून क्रम प्रत्येकासाठी बदलायचा. तर्री चाखल्यावर नुसत्या पाण्याने तोंडाची आग जात नाही. दूध किंवा दही द्यावे, थोडे थांबावे, मगच पुढची वाटी.

मसाला बदललेला लोकांना कळतो का, हे त्रिकोण चाचणीने तपासतात. तीन वाट्यांपैकी दोन सारख्या, वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने एकतृतीयांश उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे 30 जणांपैकी निदान 15 जणांनी ओळखली, तरच 5 टक्के सार्थकता पातळीवर (नुसत्या योगायोगाने असे घडण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी) फरक मान्य होतो. फरक कळला म्हणजे नवा मसाला आवडला असे मात्र नव्हे.

प्रश्नावलीची मोठी अडचण उत्तरे देणाऱ्याच्या ऐटीची आहे. 'तिखट चालतं का?' असे चारचौघांत विचारले की नागपूरकर सहसा नाही म्हणत नाही. तोच प्रश्न एकेकट्याला विचारावा, आणि पोह्यांच्या टपरीवर तो दुसऱ्यांदा तर्री मागतो का, हेही टिपून ठेवावे.